वाऱ्याची वाटणी

नववीच्या मुलांना इतिहासाच्या तासाला आम्ही दरवर्षी एक स्वाध्याय देतो. तो पाठ्यपुस्तकात नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा आपल्या गावाचा किंवा वस्तीचा नकाशा काढून आणा, एवढेच सांगावयाचे. देऊळ, विहार, शाळा, चावडी, विहीर, ओढा, स्मशान आणि आपले घर. सुट्टी संपवून मुले परत आली, की त्या नकाशावर आणखी एक खूण करावयास आम्ही सांगतो : मृगापासून दसऱ्यापर्यंत वारा जिकडून येतो तिकडून निघणारा एक बाण.

बाण काढून झाला की मुले एकमेकांच्या कागदांत डोकावू लागतात. खेड्यांतून आलेल्या बहुतेक नकाशांत बौद्धवाडा त्या बाणाच्या टोकाकडे असतो, शेपटीकडे क्वचितच. म्हणजे वारा आधी गावावरून जाणार, मग आपल्यावरून. ओढ्याचे पाणीही त्याच क्रमाने. दलित आत्मकथनांचे वाचन केलेल्यांना यात नवल वाटणार नाही. गावाच्या खालच्या अंगाला, उतारावर असलेला महारवाडा त्यांत पुनःपुन्हा भेटतो. आपल्याकडे पावसाळ्यातला वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा, म्हणून पूर्वेची बाजू ही वाऱ्याची उष्टी बाजू. सर्व गावांची मांडणी एकाच साच्यातली होती असा दावा इतिहासाच्या अभ्यासकाने करू नये, आणि आम्हीही करीत नाही. परंतु वर्षानुवर्षे गोळा झालेले हे कागद एकत्र मांडले, तर तो सगळा योगायोग आहे असे म्हणणे अवघड जाते. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पाट्या बदलल्या, ते योग्यच झाले. दिशा मात्र पाटीवर लिहिलेली नसते.

बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात, अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, हा प्रश्न एक स्वतंत्र ऐतिहासिक प्रश्न म्हणून हाताळला. त्याआधी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी ठरावरूपाने मांडली गेली होती. माणूस कोणत्या जागी राहतो यावर त्याचे माणूसपण किती अवलंबून असते, हे त्यांनी ओळखले होते. खेड्याचा मोह सोडून शहराकडे चला, या त्यांच्या सांगण्यामागे हीच जाण होती. शहरात कोणी जात विचारणार नाही, ही त्यातील आशा. आमच्या पिढीतील कितीतरी कुटुंबे त्या आशेवर मुंबई-पुण्याला गेली, आणि त्यांतील बऱ्याच जणांचे भले झाले. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकजण त्याचीच उदाहरणे आहेत.

पण शहरातून येणारे नकाशेही आमच्याजवळ आहेत. काही वर्षांपूर्वी गोवंडीच्या एका पुनर्वसन वसाहतीतून आलेल्या मुलाने सुबक नकाशा काढला होता. पट्टीने आखलेल्या इमारती, त्यांचे क्रमांक, मधल्या गल्ल्या, नाला. बाण मात्र नव्हता. विचारले तेव्हा म्हणाला, “सर, बाण कुठं काढू? आमच्या गल्लीत वाराच येत नाही.”

त्या मुलाला तेव्हा आम्ही नीट उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

मुंबईच्या रचनेत वाऱ्याचा विचार कधी झालाच नाही, असे नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा रोगी आढळला आणि पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, कायदा करून ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. आपल्या बोलण्यातील ‘बीआयटी चाळ’ या शब्दातली बीआयटी ती हीच. दाटीवाटीच्या वस्तीतील कोंदट हवा रोग पोसते, अशी त्या काळच्या अधिकाऱ्यांची समजूत होती. म्हणून त्यांनी जुन्या वस्त्यांच्या पोटातून रुंद रस्ते काढले. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे रस्ते साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात, त्याला कारण आहे. समुद्रावरची झुळूक शहराच्या आतल्या भागात पोचावी, हा त्यामागचा एक हेतू होता.

यात एक गमतीची गोष्ट आहे. प्लेग कोंदट हवेने होत नाही. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो आणि तसे निरीक्षण पॉल लुई सिमोंद याने १८९८ मध्येच मांडले होते. म्हणजे चुकीच्या कारणासाठी मुंबईत योग्य असे काही घडू लागले. अर्थात ‘योग्य’ हा शब्दही जपून वापरला पाहिजे. रस्त्यांसाठी गरिबांची घरे पाडली गेली, आणि त्यांतून उठलेल्या सगळ्यांना ट्रस्टच्या चाळीत जागा मिळाली नाही. ते शेजारच्या वस्त्यांत शिरले व तिथली दाटी वाढली. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विचारवंताने, जे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले, अशा सरसकट पाडापाडीला भारतातील अनेक शहरांच्या अहवालांतून विरोध केला. वस्ती उठवू नका. मोडकी दोन घरे काढा, तेवढ्या जागेत एखादे झाड लावा, हवा खेळू द्या, असे त्यांचे साधारण म्हणणे होते. त्यांचे फारसे ऐकले गेले नाही.

ट्रस्टने केलेली एक गोष्ट मात्र आज मुद्दाम आठवण्याजोगी आहे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास एक नियम आग्रहाने पुढे आणला. त्याला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणत. इमारतीच्या पायथ्याशी उभे राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहावे. आपली नजर जमिनीशी जो कोन करते तो साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक असता कामा नये. दहावीच्या भूमितीत सांगावयाचे तर, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नको. चाळीस फूट उंच चाळ असेल तर पुढे वीस फूट मोकळे सोडा. तळमजल्यावरच्या खोलीतही उजेड व वारा पोचावा, यासाठी हे गणित होते. राज्यकर्ते परके होते, त्यांना आपल्याविषयी फार कळवळा होता असेही नाही. पण गरिबाच्या खोलीला किती आकाश मिळावे याचा एक आकडा त्यांनी कागदावर उतरविला होता.

याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत बाबासाहेबांनी आपल्या आयुष्याची वीसेक वर्षे काढली. विद्यार्थिदशेत, परदेशातून परतल्यावर, महाडच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांचा पत्ता तोच होता. पुढे १९३० च्या दशकाच्या आरंभी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभे राहिले. हिंदू कॉलनी हा त्याच ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेचा भाग. तिथे इमारतींच्या उंचीला मर्यादा होती, दोन इमारतींत अंतर होते, रस्त्यांना झाडे होती, जवळच पाच उद्यानांचा परिसर होता. आजही एप्रिलच्या दुपारी त्या रस्त्यांवरून चालून पाहा आणि मग परळला या. एकाच संस्थेने, एकाच काळात, दोन वर्गांसाठी दोन प्रकारची हवा आखली होती. ग्रंथांसाठी बांधलेल्या त्या घराकडे आपण श्रद्धेने पाहतो. तिथे पोचेपर्यंत बाबासाहेबांनी हवेतले हे अंतरही ओलांडले होते, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

आता गोवंडीकडे वळू. रस्तेरुंदी व रेल्वेप्रकल्पांसाठी उठविलेल्या झोपडीवासीयांना मुंबईच्या एम-पूर्व विभागात इमारती बांधून दिल्या गेल्या. लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड ही नावे वाचकांच्या परिचयाची असतील. अशा वसाहतींसाठी बांधकामाच्या नियमांत सवलती दिल्या गेल्या, त्यांत दोन इमारतींमधील अंतराचीही सवलत होती. तिथे काही ठिकाणी ते अंतर सुमारे तीन मीटर आहे. एका मजल्याची उंची तीन मीटर धरली तर सात मजल्यांची इमारत एकवीस मीटर होते. ऑरसाहेबांच्या नियमाने तिच्यापुढे साडेदहा मीटर मोकळी जागा हवी. उंची अंतराच्या दुपटीऐवजी सातपट झाली, कोन साडेत्रेसष्टवरून ब्याऐंशी अंशांवर गेला. तळमजल्यावरच्या माणसाच्या वाट्याला आकाशाची एक फीत उरली. स्वतंत्र भारतात, बाबासाहेबांनी दिलेल्या राज्यघटनेखाली हे घडले, आणि ते ‘मोफत घर’ या नावाखाली घडले म्हणून त्याविरुद्ध बोलणे कृतघ्नपणाचे ठरू लागले.

त्याचा परिणामही नोंदला गेला आहे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या डॉक्टरांनी मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांना सोबत घेऊन याच परिसरातील तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास केला. २०१८ मध्ये त्याची वृत्तपत्रांत चर्चा झाली. दाट बांधलेल्या दोन वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण, इमारतींत मोकळे अंतर असलेल्या तिसऱ्या वसाहतीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आढळले, आणि खालच्या मजल्यांवर धोका जास्त दिसला. क्षयाला कुपोषण, एका खोलीतील गर्दी, अर्धवट सोडलेले औषध अशी इतरही कारणे असतात; सगळा दोष भिंतींवर टाकता येणार नाही. तरी क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, आणि ऊन व वारा हे त्यांचे सर्वांत स्वस्त शत्रू आहेत, याबद्दल दुमत नाही. म्हणजे पाहा, ज्या प्लेगचा हवेशी संबंध नव्हता त्याच्यासाठी आपण वाऱ्याचे नियम केले, आणि ज्या रोगाचा हवेशीच संबंध आहे त्याच्या दारात ते नियम शिथिल केले.

गल्लीत वारा येत नाही, या त्या मुलाच्या वाक्यामागचे शास्त्र आम्ही पुढे मिळेल तिथून वाचले. दोन बाजूंना उंच इमारतींच्या भिंती असलेल्या रस्त्याला शास्त्रज्ञ दरीची उपमा देतात. आम्ही त्याला घळ म्हणू. वारा घळीला आडवा आला आणि इमारती जवळजवळ असल्या, की तो खाली उतरतच नाही. छपरांवरून घसरत पुढे निघून जातो. घळीत हवा फिरते, पण ती तिथल्या तिथे भोवऱ्यासारखी. घळ फार खोल असेल तर तळाची हवा जवळजवळ निपचित असते. त्या तळाशी जर रिक्षा, टेम्पो, डिझेलचा जनरेटर, बेकरीची भट्टी, जाळलेला कचरा असेल, तर त्यांचा धूर तिथेच घोटाळतो आणि खालच्या मजल्यांच्या खिडक्यांतून आत येतो. सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा भारतात घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५. पण हे आकडे सरकारी मापन केंद्रावर मोजले जातात. आपल्या गल्लीच्या तळाशी कोणी यंत्र लावीत नाही.

उष्म्याचेही तसेच. तापमापक हवेचे तापमान सांगतो. अंगाला किती भाजते हे सांगत नाही. माणसाला बाहेर उभे राहणे सुसह्य की असह्य, हे ऊन-सावली, आजूबाजूच्या भिंती व डांबर यांतून परत येणारी धग, हवेतला दमटपणा आणि वारा या साऱ्यांवर ठरते. मुंबईसारख्या दमट शहरात घाम वाळायला वारा लागतो. वारा अडला की बत्तीस अंशही छत्तीससारखे वाटतात. शिवाय काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते परत सोडते; वर मोकळे आकाश असेल तर ती उष्णता निघून जाते, आकाशाची फीतच असेल तर ती भिंतीभिंतींत परतत राहते. पंखा लावूनही रात्री दोन वाजता मूल झोपत नाही ते यामुळे.

इथे एक गैरसमज होऊ नये. अरुंद गल्ली म्हणजे वाईट आणि रुंद रस्ता म्हणजे चांगला, असे हे प्रकरण सरळ नाही. नागपूरच्या महाल भागातील किंवा जुन्या पुण्यातील गल्ल्या अरुंदच होत्या. कोरड्या उन्हाळ्यात त्यांची सावली वरदान होती. घरे दोन-तीन मजली, मध्ये चौक आणि रस्त्यावर मोटार नाही. त्यामुळे त्या अरुंदपणाचा जाच कमी होता. विदर्भ-मराठवाड्यात आधी सावली हवी, कोकणपट्टीत आधी वारा हवा. झाडांचेही असेच आहे. झाडासारखी सावली कोणतेही छप्पर देत नाही. तरी वाहनांनी गच्च भरलेल्या अरुंद रस्त्यावर झाडांचे सलग छत धूर खाली कोंडून ठेवू शकते. आणि रुंद रस्त्याचे काय होते, हे पाहावयाचे असेल तर मोहम्मद अली रोडवर जावे. ट्रस्टच्याच योजनांतून आकाराला आलेला हा रस्ता. २००२ मध्ये त्याच्यावरून उड्डाणपूल गेला. आता पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांसमोरून गाड्या धावतात आणि खाली रस्त्याला झाकण बसले आहे. मोकळी हवा मिळावी म्हणून पाडलेल्या घरांच्या जागेवरून आता मोटारी धावतात.

बाणाची गोष्ट अजून संपलेली नाही. मुंबईच्या नकाशावर पश्चिमेकडून येणाऱ्या समुद्रवाऱ्याचा बाण काढा आणि टोकाकडे काय आहे ते पाहा. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून तिथे आहे. देवनारचा कत्तलखाना तिथला. १९५० च्या दशकातील तेलशुद्धीकरण कारखाने चेंबूर-माहूलचे. आणि त्याच भागात, शहरात इतरत्र नकोशी झालेली माणसे नेऊन ठेवली गेली. माहूलच्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये म्हटले. त्यानंतरही तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबे तिथे पाठविली गेली आणि न्यायासाठी त्यांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. हे सारे कोणी जात पाहून केले, असे आमचे म्हणणे नाही. जमीन तिथे स्वस्त होती, एवढेच नियोजनकार सांगतील. जमीन तिथे स्वस्त का होती, हा पुढचा प्रश्न इतिहासाचा आहे. अर्थात वारा कोणाचा बांधील नसतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला आग लागली तेव्हा हिवाळ्याचे दिवस होते, वारे फिरले होते. धूर शहरभर गेला, काही शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि तेव्हा कुठे उर्वरित मुंबईला देवनार आठवले.

आपल्या समाजातील किती माणसे दिवसभर उघड्यावर असतात, याचाही विचार व्हावा. सफाई कामगार, नाक्यावर उभा राहणारा मजूर, भाजीची पाटी घेऊन बसलेली माऊली, घरपोच माल पोचविणारा पदवीधर तरुण. रस्त्यावर सावली असणे हा त्यांच्या कामाच्या जागेचा प्रश्न आहे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आपण सारेच असतो. सोळा एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानात भर उन्हात झालेल्या शासकीय पुरस्कार सोहळ्यानंतर चौदा माणसे उष्म्याने दगावली. त्याउलट सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर लाखोंचा समुदाय उतरतो. हवामान सौम्य असते हे खरेच, पण मैदानाच्या कडेच्या मोठ्या वृक्षांखाली पथारी टाकलेली म्हातारी माणसे आणि चैत्यभूमीकडून येणारा समुद्राचा वारा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना जागेची रचना म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. सम्राट अशोकाने सातव्या स्तंभलेखात, रस्त्यांच्या कडेने वड लावल्याचे, ते माणसांना व जनावरांना सावली देतील म्हणून लावल्याचे, आमराया व विहिरी केल्याचे नोंदविले आहे. पराक्रमाच्या गोष्टींनी शिलालेख भरण्याच्या काळात एका राजाला वाटसरूच्या डोक्यावरचे ऊन नोंदवावेसे वाटले. विनयपिटकात बिंबिसार राजा तथागतांसाठी वेळुवनाची जागा निवडतो तेव्हा गावापासून फार लांब नाही, फार जवळ नाही, दिवसा गर्दी नाही, रात्री गलबला नाही, असे एकेक गुण तपासतो. भिक्खूंच्या निवासासाठी जेवढी चौकशी झाली, तेवढी आपल्या मुलांच्या घरासाठी आपण करतो काय?

आम्हाला अनेकदा उत्तर मिळते, “गुरुजी, छप्पर मिळतंय ते काय कमी आहे? वारा काय घेऊन बसलात?” हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. पावसात प्लास्टिकखाली लेकरे घेऊन बसलेल्या आईला सात मजली इमारतीतली खोली हे स्वर्गसुखच वाटणार, आणि तसे वाटण्याचा तिला अधिकार आहे. आमचे म्हणणे इतकेच, की छप्पर आणि वारा यांतून एक निवडा, ही अट कोणी घातली? निसर्गाने ती घातलेली नाही. ती चटईक्षेत्राच्या हिशेबातून आली. गरिबांच्या इमारती एका कोपऱ्यात जितक्या दाटतील तितकी विक्रीच्या इमारतींसाठी जागा सुटते. हाँगकाँग हेही अतिशय दाट शहर. २००३ मध्ये तिथे सार्सची साथ आली, अमॉय गार्डन्स या एकाच वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवासी बाधित झाले, आणि मग तिथल्या शासनाने मोठ्या सार्वजनिक प्रकल्पांच्या आराखड्यांत वारा कसा खेळेल याची तपासणी सुरू केली. साथीतून एक शहर शिकले. आपण १८९६ ला शिकलो होतो, असे म्हणावयाचे आणि थांबावयाचे, एवढेच आपल्या हाती उरले आहे काय?

हे आज लिहिण्याचे कारण असे, की आपले कितीतरी माजी विद्यार्थी सध्या संमतिपत्रांवर सह्या करीत आहेत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. दोन चाळींत मोकळी जागा, तिथेच सभा, तिथेच जयंती, तिथेच लग्ने. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या राहिल्या. त्यांना मोठे घर मिळत आहे याचा आम्हाला निखळ आनंद आहे. परंतु तिथल्या नव्या उंच इमारतींच्या दाटीविषयी शिरीष पटेल यांच्यासारख्या जाणत्या नगररचनाकाराने जाहीर आक्षेप घेतले, तेव्हा आपल्या वस्त्यांतून त्यावर चर्चा झाली नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या सभांनाही आम्ही पाहुणे म्हणून बसलो आहोत. कार्पेट किती, भाडे किती, ताबा कधी, हे तीन प्रश्न हमखास निघतात आणि ते निघालेच पाहिजेत. समोरच्या इमारतीचे अंतर किती, तिची उंची किती, पश्चिमेची बाजू मोकळी आहे की विक्रीच्या टॉवरने अडविली आहे, असे विचारताना आम्ही कोणाला ऐकले नाही. मंजूर नकाशा मागण्याचा हक्क सभासदाला असतो. त्यावरचे दोन आकडे पाहून उंचीला अंतराने भागावयाचे आहे. आपल्या शाळेतून सातवी पास झालेल्या कोणालाही ते जमेल. आलेला आकडा दोनच्या आत असेल तर ऑरसाहेबांच्या नियमात बसते. सात असेल तर सही करण्यापूर्वी बोलावे, एकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून.

दुसऱ्यांना सांगून झाले, आता घरचे. या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर नव्या वसतिगृहासाठी निधीचे आवाहन आहे. आराखडा कार्यालयात लावलेला आहे, तो आम्ही पट्टी घेऊन पाहिला. मुलांच्या जुन्या वसतिगृहाच्या पश्चिमेला, पाच कडुलिंबांच्या जागी, चार मजली इमारत प्रस्तावित आहे. उंची बेचाळीस फूट, दोन इमारतींत अंतर बारा फूट. उंचीला अंतराने भागले की साडेतीन येतात. जुन्या वसतिगृहाच्या सोळा खिडक्या त्या बाजूला आहेत, आणि मे महिन्याच्या जादा वर्गांना राहणारी मुले त्यांच्याच आधारावर झोपतात.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांशी आम्ही बोललो. त्यांची अडचण खोटी नाही. दर जूनला प्रवेशासाठी आलेल्या किती पालकांना आपण जागा नाही म्हणून परत पाठवितो, ते आम्ही स्वतः फाटकापाशी पाहिले आहे. इमारत तीन मजली केली आणि जुन्या भांडारघराच्या जागेकडे सरकविली, तर अंतर पुरेसे होते, कडुलिंब राहतात, पण चाळीस खाटा कमी होतात. चाळीस खाटा म्हणजे चाळीस मुले. हा हिशेब आम्हालाही सोपा वाटत नाही. तरी आमचे मत तीन मजल्यांच्या बाजूने आहे, आणि उरलेल्या चाळीस खाटांसाठी पूर्वेकडच्या पडीक तुकड्यावर दुसऱ्या टप्प्यात बांधकाम व्हावे, त्याचा खर्च वाढेल तो माजी विद्यार्थ्यांनी उचलावा, असे आम्ही लेखी दिले आहे. पहिली देणगी म्हणून आमचा एक महिन्याचा पगार त्या पत्रासोबत जोडला आहे.

कार्यकारिणीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी नववीचा वर्ग फूटपट्टी, दोरी आणि कोनमापक घेऊन त्या पाच झाडांखाली जाणार आहे. आराखड्याची एक प्रत आम्ही मुलांसाठी काढून घेतली आहे. तिच्यावर उत्तर दिशा दाखविलेली आहे, वाऱ्याचा बाण काढावयाचा राहिला आहे.